डावीकडचा दिवा

कोल्हापुरात राजारामपुरीच्या अकराव्या गल्लीत उजाडायच्या आधी पहिलं गेट वाजायचं ते आक्काचं. थंडी सुरू झाली की ती डोक्याला शाल गुंडाळून अंगणात यायची, गाडीच्या काचेवरचं दव ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्यानं पुसायची, गेट उघडायची आणि बाजूला होऊन उभी राहायची. मग तिची सून अनुजा बाहेर यायची, डबा मागच्या सीटवर ठेवायची आणि गाडी चालू करायची. समोरच्या भिंतीवर उजेडाचे पट्टे पडायचे. वर दोन, हेडलाईटचे. खाली जमिनीलगत आणखी दोन, पसरट आणि पिवळसर. खालचे धुक्यातले दिवे, एवढं आक्काला माहीत होतं. ते दोन दिसले की तिच्या जिवाला जरा बरं वाटायचं.

त्या मंगळवारी खाली एकच पट्टा पडला.

"थांब," आक्का म्हणाली. "डावीकडचा दिवा लागंना झालाय."

अनुजानं काच खाली करून मान बाहेर काढली. "फॉग लाईट आहे तो, आत्ती. बल्ब गेला असेल. हेडलाईट चालू आहेत ना, मग झालं."

"धुकं हाय म्हणूनच तर तो दिवा हाय न्हवं?"

"रविवारी बघू. रक्त द्यायला माणसं उपाशीपोटी येऊन बसलेली असतात हो."

गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली. आक्का गेट लावायचं विसरून तशीच उभी राहिली.

अनुजा नाशिककडची. तासाभराच्या वाटेवर, शिरोळकडच्या सरकारी दवाखान्यात ती रक्त-लघवी तपासायचं काम करायची. लग्न होऊन वर्ष होतंय न होतंय तोच राजवीरला ओमानच्या फाउंड्रीत काम मिळालं आणि घरात सासू-सून दोघीच उरल्या. जाण्याआधी राजवीरनं ही जुनी गाडी घेतली आणि बायकोला मैदानावर नेऊन स्वतः शिकवली. पहिल्याच दिवशी आक्कानं सुनेला बजावलं होतं, "सासूबाई-बिसूबाई म्हणू नको. आमच्याकडं आत्ती म्हणत्यात." सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, आत्ती म्हणणारी ही एकटीच. इकडच्या जुन्या बायकांसारखी आक्का स्वतःबद्दल "मी जातो, मी येतो" असं बोलायची. अनुजाला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. आता ती फोनवर आपल्या आईशी बोलताना चुकून तसंच बोलायची.

दोघींचं बरं चाललं होतं. फक्त या पहाटेच्या जाण्यावरून घरात कुरबुर असायची. दिवाळी झाल्यापासून आक्का काही ना काही काढत होती. एस्टीनं जा की. बदली मागून घे की. नोकरीच करायची तर कोल्हापुरात काय दवाखान्यांचा दुष्काळ पडलाय व्हय? अनुजा आधी समजावून सांगायची, मग नुसती हसायची, आणि अलीकडं काहीच बोलेनाशी झाली होती.

आक्का खरं कारण सांगत नव्हती. तिचा नवरा, आण्णा, असाच एका जानेवारीच्या पहाटे मोटारसायकलवरून कागलहून घरी येत होता. रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, लाल कापड नाही, चाकांना लावलेले दगड तेवढे. धुक्यात आण्णाला ती दिसलीच नाही. राजवीर तेव्हा शाळेत होता. त्यानंतर आक्कानं गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवून पोराला इंजिनिअर केलं, पण त्या पहाटेबद्दल घरात कुणी बोललं नाही. राजवीरनं अनुजाला लग्नाआधी एका वाक्यात सांगितलं होतं, वडील अपघातात गेले. अनुजाला तेवढंच ठाऊक होतं.

म्हणून अनुजा गेली की आक्का घरात न जाता पायरीवर बसायची. फोन मांडीवर. दूधवाला यायचा, पेपर यायचा, समोरच्या क्लासची पोरं सायकली लावून आत जायची. फोन वाजून "पोचले" एवढं कानावर पडलं, की मग ती उठायची आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायची. चूल म्हणजे गॅसच, पण आक्का चूलच म्हणायची.

गुरुवारी संध्याकाळी अनुजा येताना कवठाची बर्फी घेऊन आली. दवाखान्यातली तिची मैत्रीण मेहक नृसिंहवाडीला गेली होती, तिनं दिली होती. आक्कानं एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "दिव्याचं काय झालं?"

"गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणतो, बंपर उतरवावा लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. दोन दिवस मला कसे जमणार?" अनुजानं पदर खोचला आणि भाजी निवडायला घेतली. मग मान वर न करता म्हणाली, "आत्ती, मी एक विचार करत होते. मेहकची जयसिंगपूरला खोली आहे. तिची आधीची जोडीदारीण गेली. थंडी संपेपर्यंत मी तिथं राहिले तर? शनिवारी-रविवारी येईनच."

आक्कानं हातात घेतलेला दुसरा तुकडा परत ठेवला. जयसिंगपूर म्हणजे दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथून धुक्यातनं लांबचं जाणं नाही, ट्रॉल्यांची भीती नाही. तिला हवं होतं तेच झालं होतं. आणि तरी तिला ते नको वाटलं.

"जा की," ती म्हणाली. "मला काय हुतंय? माझी मी खंबीर हाय."

"रागावला का?"

"रागवायला काय झालं? जा म्हणालो न्हवं?"

अनुजा निवडलेली भाजी घेऊन उठली. नंतर दोघी जेवल्या, टीव्हीवर बातम्या लागल्या, राजवीरचा फोन येऊन गेला. पण त्या घरात कुणीतरी सामान बांधायला काढल्यासारखं वाटत राहिलं.

शनिवारी सकाळी आक्का बसनं शाहूपुरीत गेली. तिथं स्पेअर पार्टच्या दुकानात नईम बसायचा, त्याच्या आईचे ब्लाऊज आक्काकडंच शिवायला यायचे. आक्कानं मोबाईलमधला गाडीचा फोटो त्याच्यापुढं धरला.

"हिचा खालचा दिवा दे. धुक्याचा. डावीकडचा."

"डावा-उजवा एकच असतोय, आक्का," नईम म्हणाला आणि मागच्या खणातून एक छोटा खोका काढला. "बसवणार कोण?"

"बंपर उतरवाय लागतोय म्हणं."

"काय गरज न्हाय. चाक उजवीकडं वळवायचं, चाकावरचं काळं प्लास्टिक हाय त्याच्या क्लिपा काढायच्या, आत हात घालायचा. पण गॅरेजवाल्यांचे हात बगितलायसा न्हवं? त्यांचा पंजा जात न्हाय, म्हणून सगळं उतरवत्यात." त्यानं खोक्यातला बल्ब बाहेर न काढताच दाखवला. "एक ध्यानात ठेवा. काचंला बोट लावायचं न्हाय. बोटाचं तेल लागलं की तापल्यावर फुटतोय."

आक्कानं खोका पिशवीत ठेवला. घरी आल्यावर तो मशीनच्या खणात, गुंड्यांच्या डब्यामागं लपवला. अनुजाला सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. पोरगी सोमवारी जयसिंगपूरला सामान घेऊन जाणार, तर निदान जाताना तिचे दोन्ही दिवे लागावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर अनुजा आडवी झाली. आठवडाभराची झोप साठलेली, डोळा लगेच लागला. आक्कानं खिळ्यावरची किल्ली घेतली, खणातला खोका आणि मशीनचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, अंगणात पोतं अंथरलं. गाडीत बसून किल्ली लावून तिनं स्टेअरिंग उजवीकडं जोर लावून फिरवलं. ते एवढं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. मग खाली उतरून डाव्या चाकापुढं पोत्यावर आडवी झाली.

क्लिपा निघाल्या. पहिली तुटली, बाकीच्या शहाण्यासारख्या निघाल्या. काळं प्लास्टिक वाकवून तिनं उजवा हात आत सरकवला. आत काही दिसत नव्हतं, पण आक्काला आयुष्यभर उलट्या बाजूनं हूक लावायची सवय. बोटांनी चाचपत तिनं वायरचा जोड शोधला, खटका दाबला, ओढला. निघाला. बल्बची बैठक धरून फिरवली, थोडीशीच, आणि बल्ब हातात आला. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

मग ती हात बाहेर काढायला लागली आणि हात येईना.

आधी तिला वाटलं, बल्ब मुठीत आहे म्हणून. तिनं बल्ब सोडला, तो आत कुठंतरी खुळखुळत गेला. तरी हात येईना. सांधेदुखीवर म्हणून ती मनगटात तांब्याचं कडं घालायची. ते आतल्या कसल्याशा पट्टीत अडकलं होतं. ओढलं की कडं मांसात रुतायचं. ढकललं की पट्टी कोपरापाशी टोचायची. थोड्या वेळानं ती ओढायची थांबली आणि गाल पोत्यावर टेकवून पडून राहिली. गल्ली रविवारसारखी सुस्त होती. कुणाला हाक मारावी तर सगळी आळी गोळा होणार, आणि पुढचा महिनाभर आक्का गाडीखाली अडकली याची चर्चा. ती गप्प राहिली. वरच्या वायरीवर एक कावळा बसला होता, तो तिच्याकडं मान वाकडी करून बघत होता.

अनुजाला जाग आली तेव्हा घर फार शांत होतं. मशीनचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही. ती दारात आली आणि तिला गाडीच्या पलीकडं जमिनीवर आक्काचे दोन पाय दिसले.

"आत्ती!"

"वरडू नको," गाडीच्या पुढून आवाज आला. "जिती हाय. हात अडकलाय."

अनुजा धावत येऊन गुडघ्यावर बसली. तिनं आधी आक्काचं कपाळ चाचपलं, मग मान, मग दंडावरून हात फिरवत आत जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत.

"रक्त येतंय?"

"मला काय दिसतंय व्हय? थोडं चुरचुरतंय."

"पण तुम्ही करत काय होता इथं?"

"दिवा बसवत हुतो. दुसरं काय करणार गाडीखाली?"

अनुजा घरात पळाली आणि भांडी घासायचं लिक्विड, पाण्याचा तांब्या आणि आपली दवाखान्याची पिशवी घेऊन आली. लिक्विड हातावर ओतून तिनं फटीतून आक्काच्या मनगटाकडं सोडलं. हात थोडा सुजला होता. ओढून चालणार नव्हतं.

"जरा वेळ असंच राहू दे," ती म्हणाली. "सूज ओसरू दे. मी बर्फ लावते."

तिनं फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून आक्काच्या कोपराखाली, पोचेल तिथवर लावला आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसली. आक्काचं डोकं पोत्यावरून उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतलं. आक्कानं मान ताठ केली, मग हळूहळू सैल सोडली. डोक्याला कुणी मांडी दिल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"रविवारी बघू म्हणाले होते ना मी," अनुजा म्हणाली. "एवढी घाई कशाची होती?"

चाकाच्या रबराचा वास येत होता. उठून आत जाता येत नव्हतं, चहा ठेवायला जाते म्हणता येत नव्हतं, मशीनवर बसता येत नव्हतं. इतकी वर्षं असं काही निघालं की ती यांपैकी काहीतरी करायची.

"तुज्या सासऱ्याला ट्रॉली दिसली न्हाई," ती म्हणाली.

अनुजाचा बर्फ धरलेला हात थांबला.

आक्कानं सांगितलं. सलग नाही, तुटक तुटक. पहाट, कागलचा रस्ता, चाकाला लावलेले दगड. धुकं असं की पोलिसांना ट्रॉलीचा नंबर वाचायला जवळ जायला लागलं. आणि घरी तिनं आण्णासाठी गरम पाणी काढून ठेवलं होतं, ते दिवसभर तसंच राहिलं, संध्याकाळी कुणीतरी बादली पालथी केली.

"मला राजवीरनं हे असं नाही सांगितलं," अनुजा हळूच म्हणाली.

"त्याला तरी कुठं सांगितलंय मी सगळं? लहान हुता." आक्कानं ओठ ओले केले. "तू जातीस न्हवं रोज, मी पायरीवर बसतो. तुजा फोन येईस्तोवर. चहा पीत न्हाय. प्यायला गेलो तर घशाखाली उतरत न्हाय."

"पण मी कितीदा फोन करायला विसरते. दहा-दहा वाजेपर्यंत."

"व्हय की. दहापतोर बसतो मग."

अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्यावर गाल घासला.

"मला वाटायचं तुम्हाला माझी नोकरीच नको आहे," ती म्हणाली. "म्हणून एस्टी, म्हणून बदली. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही माझ्यासाठी पहाटे उठून भाकरी करता, थंडीत बाहेर येऊन काच पुसता. गुडघे धरून पायऱ्या उतरताना मी बघते ना. म्हणून म्हटलं मेहककडं जावं. निदान तुम्ही झोपाल तरी."

"मला कुणी सांगितलं हुतं झोपायला?"

"मग 'जा की' कशाला म्हणालात?"

"तिथं गेलीस तर रस्ता कमी म्हणून. आणि..." आक्का थांबली. "आणि आडवलं तर सासुरवास म्हणशील."

अनुजा हसायला लागली. हसता हसता तिची मांडी हलायला लागली आणि आक्काचं डोकंही.

"हलू नको, हात दुखतोय," आक्का म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

सूज जरा उतरली. अनुजानं पुन्हा लिक्विड सोडलं, फटीतून दोन बोटं घालून कडं आक्काच्या हातावर वर कोपराकडं सरकवलं, आणि म्हणाली, "आता पंजा मिटू नका. ओंजळीत पाणी घेतल्यासारखा लांब करा. अंगठा आत." हात आला. मनगटावर लांब ओरखडा होता, फार खोल नव्हता. अनुजानं पिशवीतून स्पिरिटचा बोळा काढून पुसलं, तेव्हा आक्कानं दात आवळले. कडं तिनं काढून बाजूला टाकलं.

"चला, आत चला आता," अनुजा म्हणाली.

"आत? आणि दिवा?"

"आत्ती, पुरे झालं."

"एवढं करून अर्ध्यावर टाकू व्हय? नवा बल्ब खोक्यात हाय, हितंच. माझा हात आता जायाचा न्हाय. तू घाल."

अनुजानं आक्काकडं बघितलं. पोत्यावर बसलेली, केस विस्कटलेले, गालावर पोत्याच्या विणीची जाळी उमटलेली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिनं आपल्या पिशवीतले हातमोजे चढवले, दवाखान्यातलेच. काचेला बोट न लावण्याचा प्रश्न मिटला. मग ती पोत्यावर आडवी झाली आणि आक्का तिच्या डोक्याशी बसून वाट सांगायला लागली.

"सरळ जाऊ नको, तिथंच पट्टी हाय, तिनंच मला धरलं. वरनं जा. गोल भोक लागलं?"

"लागलं."

"बल्बला कडंला तीन कान हायत, त्यातला एक मोठा. तो वर धर. बसला की फिरव. काजाला गुंडी लावल्यासारखं, जोर लावू नको."

अनुजानं दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा बल्ब जागेवर बसला. वायरचा जोड लावला. हात सावकाश, लांब करून, बाहेर काढला. मग गाडीत जाऊन बसली आणि बटण दाबलं. आक्का पुढं उभी होती, वाकून, गुडघ्यांवर हात टेकून.

"लागंना," ती म्हणाली.

दोघींचे चेहरे पडले. अनुजा पुन्हा आडवी झाली, पुन्हा चाचपलं. जोड नुसता टेकवलेला होता, पुरता आत गेला नव्हता. तिनं अंगठ्यानं दाबला तेव्हा टक् असा आवाज झाला, तो बाहेर बसलेल्या आक्कालाही ऐकू आला. या वेळी दिवा लागला. दुपारच्या उन्हात त्याचा उजेड असा काही दिसत नव्हता, काचेच्या आत एक ठिणगी पेटल्यासारखी दिसत होती, एवढंच. जुन्या दिव्यापेक्षा तो जरा पांढरा होता.

"एक पिवळा, एक पांढरा," आक्का म्हणाली. "असूदे. दिसल्याशी मतलब."

प्लास्टिक पुन्हा बसवताना तुटलेल्या क्लिपेच्या जागी आक्कानं मशीनच्या दोऱ्याची तिहेरी दोरी ओवून गाठ मारली. तिच्या मते ती क्लिपेपेक्षा पक्की होती. संध्याकाळी राजवीरचा फोन आला तेव्हा अनुजानं त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, आईला दे. आक्कानं फोन घेतला, "व्हय, व्हय, बरी हाय," म्हणाली आणि लगेच परत दिला.

सोमवारी पहाटे अनुजा सामान न घेता, नुसता डबा घेऊन बाहेर आली तेव्हा गाडीच्या पुढच्या सीटवर आक्का बसलेली होती. शाल गुंडाळलेली, मांडीवर पिशवी, पायात चपला.

"हे काय?"

"मी बी येतो. रस्ता बगतो कसा हाय त्यो. तू कामाला जा, मी तिथनं नृसिंहवाडीला दर्शन करून दुपारी येतो, मग संगं परत."

"दिवसभर थांबावं लागेल."

"मला काय घाई हाय?"

गाडी कोल्हापूरबाहेरच्या शिरोलीच्या पुलाजवळ आली. पुलावर नदीचं धुकं आडवं आलं आणि रस्ता एकदम संपल्यासारखा झाला. अनुजानं वेग कमी केला, मोठे दिवे बारीक केले. खालचे दोन दिवे तेवढे डांबराच्या अंगानं पुढं सरकत होते, आणि त्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसत होती. आक्कानं एक हात दाराच्या मुठीवर ठेवला होता. आण्णा गेल्यापासून ती अशा वेळी रस्त्यावर कधी आली नव्हती. पायरीवर बसून तिनं जे धुकं डोळ्यांपुढं आणलं होतं, ते याहून काळं होतं. हे पांढरं होतं, ओलं होतं, आणि त्यात उसाचा वास होता.

अतिग्रे मागं पडलं. तिथून पुढं अनुजा एकदम म्हणाली, "पुढं आहे काहीतरी." आक्काला काही दिसत नव्हतं. मग खाली, अगदी जमिनीलगत, दिव्यांच्या कडेला दोन चाकं दिसली. चाकांच्या वर लोंबणारा उसाचा पाला. त्याच्या वर काहीच नाही, नुसतं धुकं. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. अनुजानं गाडी हळू केली, आणखी हळू, आणि पुरेसं अंतर ठेवून ती ट्रॉलीच्या मागं मागं, ट्रॅक्टरच्या चालीनं चालवायला लागली. हॉर्न दिला नाही. ओव्हरटेक केलं नाही. मागून एक वाहन हॉर्न वाजवत आलं, तिनं त्याला हात दाखवून थांबवून धरलं.

"असं किती लांब जाणार?" आक्कानं विचारलं.

"तो वळेपर्यंत. रोज असंच जाते मी. उशीर झाला तर डॉक्टर ओरडतात, ओरडू दे."

आक्का त्या चाकांकडं बघत राहिली. ट्रॉली कारखान्याच्या फाट्याला वळली, पाल्याचा खरखर आवाज धुक्यात विरला आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला. अनुजानं वेग वाढवला नाही.

"लई दाट असंल त्या दिवशी मेहककडं ऱ्हात जा," आक्का म्हणाली. "उगं जिवावर उदार हून घरी येऊ नको. बाकीचे दिवस ये."

"बरं."

"आणि फोन."

"करते. विसरणार नाही."

हातकणंगलेची दुकानं बंद होती. एका टपरीवर स्टोव्ह पेटला होता आणि कानटोप्या घातलेली माणसं त्याच्याभोवती उभी होती. त्यानंतरचा रस्ता आक्काला आठवत नाही. गाडी एकसारखी, हळू चालत होती, अंगावर हीटरची ऊब येत होती. तिनं मुठीवरचा हात केव्हा काढला ते तिलाही कळलं नाही.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. ऊन वर आलं होतं, कडुलिंबाच्या पानांतून काचेवर पडत होतं. तिच्या अंगावर अनुजाचा स्वेटर होता आणि मान दुखू नये म्हणून डोक्यामागं कसलीतरी घडी घातलेली होती. समोर दवाखान्याच्या ओट्यावर माणसांची रांग बसली होती, आणि आत, उघड्या दारातून, अनुजा पांढरा कोट घालून एका म्हाताऱ्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधत काहीतरी बोलत होती. म्हातारा हसत होता.

आक्कानं काच थोडी खाली केली. बाहेर उसाच्या रसाचा, ओल्या मातीचा आणि कुणाच्यातरी चहाचा वास होता. तिला एकदम कडकडून भूक लागली. स्वेटर अंगात चढवून ती गाडीतून उतरली आणि चहाची टपरी कुठं दिसते ते बघायला लागली.